चौकशी सोडून काहीही

१ नोव्हेंबर १९४२ रोजी नवी दिल्लीत माधव श्रीहरी अण्यांच्या सरकारी निवासस्थानी सेवाग्रामचा एक पाहुणा आला. जयकृष्ण प्रभुदास भन्साळी. एके काळचे प्राध्यापक, नंतर गांधीजींच्या आश्रमात रमलेले. मौन मोडू नये म्हणून तांब्याच्या तारेने ओठ शिवून घेतलेला, कडुनिंबाचा पाला आणि कच्चे पीठ खाऊन देशभर हिंडलेला हा माणूस. त्याला समजावून परत पाठवणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. मागणी एकच होती: ऑगस्टमध्ये चिमूरला लष्कराने आणि पोलिसांनी बायकांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी करा. अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, म्हणजे आजच्या हिशेबाने केंद्रीय मंत्री. चौकशी मिळत नाही असे दिसताच भन्साळींनी तिथेच अन्न सोडले. पोलिसांनी त्यांना दिल्लीबाहेर काढून सेवाग्रामला आणून सोडले.

यजमान आपल्या यवतमाळचे. वणीला २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली केलेले बापूजी अणे. जिल्ह्यात त्यांची ओळख विचारली तर लोक अजूनही १९३० चा जंगल सत्याग्रह सांगतात. १० जुलैला पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनीही यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह करून शिक्षा ओढवून घेतली. शाळेच्या भाषणात हे सगळे येते. पण १९४१ ते १९४७ या सहा वर्षांत बापूजी कुठे होते आणि काय करत होते, हे सांगताना वक्ते घाईने पुढे सरकतात. कारण ती वर्षे सरकारच्या आतली आहेत, आणि सत्याग्रहीच्या चरित्रात सरकारी बंगला बसवायला अवघड जातो. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. युद्धात काय घडले, यावरून लोक आणि सरकार भांडू लागले की सरकार नेमके कसे वागते, हे या माणसाने टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले.

अणे तिथे पोहोचले कसे, हेही सांगायला हवे. टिळकांच्या परंपरेत प्रतियोगी सहकारितेचा विचार होता. जेवढे हक्क मिळतील तेवढे घ्यायचे आणि उरलेल्यांसाठी भांडत राहायचे. केळकर, जयकर, मुंजे आणि अणे याच वाटेने चाललेले. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोने कार्यकारी मंडळ वाढवले तेव्हा परदेशस्थ भारतीयांचे खाते अण्यांकडे आले. वर्षभराने त्याच मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमखाते घेऊन दाखल झाले. मंडळात भारतीयांचे बहुमत झाले, ही गोष्ट लंडनने अमेरिकेला पुन्हा पुन्हा ऐकवली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजी आणि काँग्रेसचे नेते पकडले गेले, तेव्हाही तो निर्णय या बहुमताच्या मंडळाचाच आहे, असे जगाला सांगता आले. अणे त्या मंडळात बसत होते. हे विसरून त्यांच्याबद्दल काही लिहिणे खोटेपणाचे होईल.

पण त्यांच्या टेबलावर पहिली फाइल आली ती ब्रह्मदेशाची. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले. गोदीतले हमाल, सफाई कामगार, गिरण्यांतले मजूर, सावकार, कारकून असे रंगूनमधले भारतीय बाहेर पडू लागले आणि मार्च १९४२ मध्ये शहर पडले. त्या वर्षात सुमारे चार ते पाच लाख भारतीय ब्रह्मदेशातून निघाले. काही आराकानमार्गे चितगावला गेले, काही तामूवरून मणिपुरात आले, तर उरलेले ऐन पावसाळ्यात हुकाँग खोऱ्याच्या चिखलातून आसामकडे चालत राहिले. पटकी, हिवताप आणि भूक यांनी वाटेत किती माणसे मेली याची नोंद कोणी ठेवली नाही. दहा हजार हा सर्वांत कमी अंदाज, काही पन्नास हजारांपर्यंत जातात. मणिपूरच्या बाजूला दोन वाटा झाल्या होत्या. एकीवर सोयी बऱ्या, आणि ती गोऱ्यांसाठी व अँग्लो-इंडियनांसाठी. दुसरी बाकीच्यांसाठी. लोक त्यांना सरळ गोरी वाट आणि काळी वाट म्हणत.

अण्यांच्या खात्याचे काम हेच, म्हणून आसामच्या बाजूची पाहणी त्यांच्याकडे आली आणि त्यांच्यासोबत गेलेल्या पंडित हृदयनाथ कुंझरूंसारख्या मवाळ, तोलून बोलणाऱ्या माणसाने परतल्यावर भेदभाव झाल्याचे जाहीरपणे सांगितले. कुंझरू काही आग लावत हिंडणारे नव्हते, म्हणून त्यांचे बोलणे सरकारला जास्त लागले. हेतुपुरस्सर भेदभाव झाला नाही, असे सरकारचे उत्तर. एप्रिल-मे १९४२ मध्ये अलाहाबादला काँग्रेस महासमितीने ब्रह्मदेशातल्या निर्वासितांच्या हालांवर ठराव केला. 'छोडो भारत'च्या आधीच्या महिन्यांत देशभर जी चीड साठत गेली, तिच्यात या काळ्या वाटेवरून आलेल्या माणसांनी घरोघरी सांगितलेल्या हकिगतींचा वाटा मोठा आहे. आपल्या इतिहासात त्याला नीट जागा मिळालेली नाही.

आता चिमूर. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा, आणि त्याच्या पुढे चिमूर. जिल्हा तेव्हाचा चांदा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी त्या पावसाळ्यात गाव भारले होते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला आणि जमाव बेभान झाला. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह चार सरकारी माणसे मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीच्या पोलीस ठाण्यावर असाच प्रसंग घडला. तीन दिवसांनी चिमुरात लष्कर उतरले. पुरुष पकडून नेले किंवा रानात पळाले. गावात मागे राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले. पुढच्या दोन-तीन दिवसांत जे घडले त्याबद्दल चिमूरच्या बायकांनी नंतर भेटायला आलेल्यांना सांगितले: घरे फोडली, लुटले, आणि अब्रू घेतली. तुकडोजी महाराजांना ऑगस्टअखेर अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले.

चार सरकारी माणसांचा खून झाला ही गोष्ट सरकारने दडवली नाही. उलट ठासून सांगितली, खटले भरले, फाशीच्या शिक्षा मागितल्या. त्या खुनांबद्दल विदर्भातही सर्वांचे एकमत नव्हते. डुंगाजी आणि सोनवणे हेही याच मातीतले नोकरदार होते, हे आजच्या हुतात्मा दिनाच्या भाषणांत येत नाही. पण एका घटनेचे दोन तुकडे करून पहिला न्यायालयात आणि दुसरा कपाटात ठेवायचा, हा सरकारचा पवित्रा होता. डॉ. बा. शि. मुंजे सप्टेंबरमध्ये चिमूरला जाऊन आले. मुंजे हिंदुमहासभेचे, युद्धात सरकारशी सहकार्य करा म्हणणारे, त्यामुळे त्यांना काँग्रेसचे हस्तक म्हणून झटकता येण्यासारखे नव्हते. तेही अस्वस्थ होऊन परतले. दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत क्षितीशचंद्र नियोगी यांनी देशभरातल्या लष्करी व पोलिसी अतिरेकांच्या चौकशीची मागणी लावून धरली. गृहसदस्य मॅक्सवेल यांनी ती मान्य केली नाही. नागपूरला त्या वेळी मंत्रिमंडळ नव्हते, गव्हर्नर हेन्री ट्वायनम यांचा थेट कारभार चालू होता. प्रांतिक सरकारने पत्रक काढून चिमूरचे आरोप निराधार ठरवले. त्या पत्रकाची भाषा अशी की, अत्याचार झाला नाही एवढेच त्यातून निघत नव्हते. बोलणाऱ्या बायकाच खोट्या, असाही अर्थ लागत होता. भन्साळींना जो संताप आला तो याचा.

चौकशीला एवढे का घाबरायचे? माझे उत्तर असे आहे की सरकारला १९१९ आठवत होते. जालियनवाला बागेनंतर हंटर समिती नेमली गेली. डायरने समितीपुढे जे सांगितले ते छापले गेले, भारतीय सदस्यांनी वेगळा अहवाल दिला, आणि बागेतल्या गोळ्यांइतकेच त्या कागदांनी साम्राज्याचे नुकसान केले. एकदा अधिकृत चौकशी झाली की साक्ष नोंदली जाते. ती कितीही फिरवली तरी पुसता येत नाही. १९४२ चे राज्यकर्ते हा धडा पक्का शिकले होते. ३१ ऑगस्टला लिनलिथगोने चर्चिलला तार केली. १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याचा आवाका आपण लष्करी कारणासाठी जगापासून लपवून ठेवला आहे, अशी कबुली तीत होती. लोकांना वाचायला मिळाले ते मात्र फेब्रुवारी १९४३ चे सरकारी पुस्तक, दंगलींची सगळी जबाबदारी काँग्रेसवर टाकणारे. खासगी तारेत आणि जाहीर पुस्तकात दोन वेगळी बेचाळीस सापडतात.

भन्साळी सेवाग्रामहून पायी चिमूरला निघाले, पोलिसांनी पुन्हा परत आणले. ११ नोव्हेंबरपासून त्यांचे उपोषण अखंड चालू झाले. सरकारने ओळखले की आता प्रश्न चिमूरचा राहिला नाही, उपोषणाच्या बातमीचा झाला. तेव्हा भारत संरक्षण नियमांखाली त्या बातमीवरच बंदी आली. एक माणूस सेवाग्रामला मरणाच्या दारात आहे आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव छापायचे नाही, अशी अवस्था. इथे मात्र सरकारचा अंदाज चुकला. एरवी युद्धकाळात निमूटपणे सल्ले पाळणारे संपादक बिथरले. अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेचे अध्यक्ष, 'द हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन यांनी पुढाकार घेतला. नव्या वर्षाची पदव्यांची यादी छापायची नाही, गव्हर्नरांच्या दरबारची पत्रके छापायची नाहीत, सरकारी सदस्यांची भाषणे छापायची नाहीत, असे ठरले. ६ जानेवारी १९४३ ला देशभरातली बहुसंख्य राष्ट्रीय वृत्तपत्रे निघालीच नाहीत. रावबहादूर झालेल्यांची नावे पेपरात न येणे ही शिक्षा किती झोंबणारी होती, हे त्या काळातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाला विचारावे.

१२ जानेवारीला त्रेसष्टाव्या दिवशी उपोषण सुटले. डॉ. ना. भा. खरे आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी मध्ये पडून तोड काढली. तोड काय होती, ते नीट पाहण्यासारखे आहे. आमच्या पत्रकाचा हेतू चिमूरच्या बायकांच्या अब्रूवर शिंतोडे उडवण्याचा नव्हता, असा खुलासा सरकारने केला. बातम्यांवरची बंदी उठवली. आणि जाहीर चौकशीचा आग्रह भन्साळींच्या बाजूने सोडण्यात आला. भन्साळींचा जीव वाचला, संपादकांचा मान राहिला, गव्हर्नरांची खुर्ची हलली नाही. चिमूरच्या बायकांना मिळाले एक वाक्य, तेही नकारार्थी: तुमचा अपमान करायचा नव्हता. त्यांच्यावर काय ओढवले, याबद्दल त्यात अक्षर नाही.

युद्धाच्या आठवणीवरून पुढे जगात जी भांडणे झाली, त्यांत हेच वाक्य वेगवेगळ्या वेशांत दिसते. जपानी सैन्यासाठी कोरिया, चीन, फिलिपिन्स आणि इतर ठिकाणच्या स्त्रियांना लष्करी कुंटणखान्यांत डांबले गेले. त्याबद्दल ऑगस्ट १९९३ मध्ये जपानचे मुख्य कॅबिनेट सचिव योहेइ कोनो यांच्या निवेदनाने अनेक स्त्रियांच्या सन्मानाला गंभीर इजा झाल्याचे आणि त्यात लष्कराचा हात असल्याचे मान्य केले. नागपूरच्या खुलाशापेक्षा ते कितीतरी पुढचे. तरीही भांडण मिटले नाही. २०११ मध्ये सोलला जपानी वकिलातीसमोर एका मुलीचा बसलेला पुतळा उभा राहिला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये जपान आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी हा विषय कायमचा संपल्याचे जाहीर केले आणि ज्या म्हाताऱ्या बायकांचा विषय होता त्यांतल्या काहींनी, आम्हाला विचारले कोणी, असे म्हटले. ब्रिटनने जालियनवालाबद्दल २०१९ मध्ये, शंभर वर्षांनी, संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. माफी मात्र मागितली नाही. खेदाला दावा लागत नाही, माफीला लागू शकतो. सरकारी वकिलांना हा फरक बरोबर कळतो.

इकडे दिल्लीत १९४३ चे वर्ष आणखी एका पाहुण्याने उजाडले. अध्यक्ष रूझवेल्टचे खास प्रतिनिधी विल्यम फिलिप्स जानेवारीत आले. हिंदुस्थानात अमेरिकन फौजा होत्या, त्यामुळे इथे काय चालले आहे हे वॉशिंग्टनला स्वतःच्या माणसाकडून ऐकायचे होते. १० फेब्रुवारीला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. फिलिप्सनी भेट मागितली आणि ती नाकारली गेली. त्यांनी रूझवेल्टला लिहिलेले परखड पत्र १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन वृत्तपत्रात फुटले तेव्हा दिल्लीच्या परराष्ट्र खात्याने फिलिप्स पुन्हा इथे नकोत असा सूर लावला. मित्रराष्ट्राशी तणाव वाढला तो कशावरून, तर पत्रातला मजकूर छापून आला म्हणून. मजकूर खोटा आहे, असा मुद्दा फारसा कोणी मांडला नाही.

गांधीजींच्या त्याच उपोषणावरून १७ फेब्रुवारी १९४३ ला अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. इथे प्रश्न विचारायलाच हवा: गांधीजींसाठी जे केले ते चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या घरी उपाशी बसलेल्या भन्साळींसाठी का नाही? चिमूर वणीच्या शेजारचे. चिमूर पाहून आलेले मुंजे त्यांचे जुने सहकारी. बापूजींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की चिमूर हा प्रांतिक सरकारच्या अखत्यारीतला विषय होता आणि गांधीजींना सोडायचे की नाही, हा निर्णय थेट त्यांच्या मंडळापुढे होता. वकिलाला हा फरक पटतो. मला तो अर्धाच पटतो. राजीनामा देणारे तीनच निघाले, बाकीचे बसून राहिले, हेही त्यांच्या बाजूने मांडायला हवे.

राजीनाम्याला सहा महिने होतात न होतात तोच अणे पुन्हा सरकारी कामावर गेले, यावेळी सिलोनला, भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यावर दोस्तांना रबरासाठी सिलोनचे मळे उरले होते आणि त्या मळ्यांत राबत होते तमिळ मजूर. अकुशल मजुरांना तिकडे पाठवण्यावर भारताने १९३९ पासून बंदी घातली होती. सिलोनला आणखी हात हवे होते. भारताचे म्हणणे, आधी तिथल्या आमच्या माणसांच्या हक्कांचे बोला. युद्धाची निकड एका बाजूला, मतदानाचा आणि राहण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला. त्या ओढाताणीत यवतमाळच्या वकिलाने १९४७ पर्यंत कोलंबोत काम केले. त्यांना यश आले असे म्हणता येत नाही. १९४८ च्या सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतल्या बहुसंख्य भारतीय तमिळांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. ऑक्टोबर १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने सव्वापाच लाखांना भारतात आणायचे, तीन लाखांना तिकडचे नागरिक करायचे आणि दीड लाखांचे नंतर पाहायचे, अशी वाटणी केली. ते आकडे ठरले तेव्हा अणे लोकसभेत नागपूरचे खासदार होते.

चिमूर-आष्टीच्या कैद्यांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोहीम उभारली, गांधीजींपासून सगळ्यांनी आवाज उठवला. १९४५ मध्ये, युद्ध संपत आले तेव्हा, उरलेल्यांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि स्वराज्य दिसू लागल्यावर ते सुटले. पुढे स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट आणि निवृत्तिवेतन मिळाले, चिमूरला स्मारक झाले, १६ ऑगस्टला दरवर्षी मानवंदना होते. पुरुषांनी दिलेल्या बलिदानाची नोंद सरकारने अशी पुरेपूर केली. बायकांनी जे सांगितले होते ते मात्र पाहुण्यांच्या टिपणांत आणि जुन्या पेपरांच्या फायलींत राहिले. स्वकीयांचे सरकार आल्यावरही, पंधरा-वीस वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणी हयात असताना, त्यांची साक्ष लिहून घेणे अगत्याचे मानले गेले नाही. इंग्रजांना चौकशी नको होती याचे कारण समजते. आपल्याला ती का नको झाली, याचे उत्तर अधिक अवघड आहे. कदाचित अब्रूचा प्रश्न आपणही खुलाशावर मिटवायला राजी होतो.

भन्साळींच्या उपोषणाची तोड निघाली त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, १२ जानेवारी १९४८ रोजी, अणे बिहारचे राज्यपाल झाले. २६ जानेवारी १९६८ ला ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि टिळकांवरच्या त्यांच्या संस्कृत महाकाव्याला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये. यवतमाळला त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तिथल्या इतिहास विभागाला एक विनंती करावीशी वाटते. जंगल सत्याग्रहावर प्रकल्प पुष्कळ झाले असतील. आता चिमूर आणि त्याच्या आसपासच्या गावांत जा, त्या बायकांच्या सुना-नाती अजून आहेत. आजी काय सांगायची ते तारीखवार उतरवून घ्या आणि १९४२-४३ च्या नागपूरच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. सरकारी परवानगीची त्याला गरज नाही.